भिंतीपलीकडचा आवाज : ‘मेझनीन’ (१९९८) या ध्वनिमुद्रिकेतील वातावरणाचा इतिहास

प्रस्तावना

भारतीय इतिहासाच्या अध्यापकाला इंग्लंडमधील ब्रिस्टल हे शहर ठाऊक असते ते प्रामुख्याने राजा राममोहन रॉय यांच्यामुळे. २७ सप्टेंबर १८३३ रोजी या शहरालगतच्या स्टेपल्टन येथे त्यांचे निधन झाले. तेथील आर्नोस व्हेल दफनभूमीत त्यांची समाधी आहे आणि १९९७ पासून शहराच्या मध्यवर्ती भागात त्यांचा पुतळाही उभा आहे. हा पुतळा बसविण्यात आला त्याच्या पुढच्याच वर्षी, २० एप्रिल १९९८ रोजी, याच शहरातील ‘मॅसिव्ह अटॅक’ या संगीतसमूहाची ‘मेझनीन’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. ब्रिटनमधील विक्रीच्या क्रमवारीत ती पहिल्या स्थानावर पोहोचली आणि आज पाव शतकाहून अधिक काळ लोटल्यावरही ती ऐकली जाते. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. मात्र एकाच बंदराने दोन वेगवेगळ्या वसाहतींशी जोडलेल्या दोन स्मृती जवळपास एकाच वेळी जाहीर केल्या, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.

‘मेझनीन’विषयी जे काही लिहिले जाते त्यात एक शब्द हटकून येतो आणि तो म्हणजे ‘वातावरण’. ही ध्वनिमुद्रिका काळोखी आहे, धुरकट आहे, गूढ आहे, ती ऐकताना रात्रीच्या निर्मनुष्य शहरातून चालल्यासारखे वाटते, असे सांगितले जाते. हे वर्णन खोटे नाही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याची अडचण अशी की, ‘वातावरण’ हा शब्द उच्चारला की स्पष्टीकरण थांबते. धुके कोठून आले, असे कोणी विचारत नाही. कोणतेही वातावरण कोणीतरी, कोठेतरी, विशिष्ट साधनांनी आणि विशिष्ट गरजेपोटी घडविलेले असते. ते तसे घडविण्याचे कौशल्य पिढ्यान्‌पिढ्या हाताळले गेलेले असते. ‘मेझनीन’मधील वातावरण हे जमैकातील ‘डब’ या ध्वनिमुद्रणपद्धतीतून आलेले आहे आणि ते श्रोत्याला एका विशिष्ट जागी, म्हणजे भिंतीच्या अलीकडे, उभे करते. या जागेला स्वतःचा सामाजिक इतिहास आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रस्तुत लेखक संगीतशास्त्राचा अभ्यासक नाही, हे प्रारंभीच नमूद करणे आवश्यक ठरते. ध्वनिमुद्रिकेकडे येथे एक ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले आहे आणि साधनाची चिकित्सा करण्याचा जो नियम कागदपत्रांना लागू आहे, तोच येथेही लागू केला आहे. हा नियम मला एका साध्या प्रसंगाने शिकविला. पदव्युत्तर वर्गात विसाव्या शतकातील स्थलांतरावर बोलत असताना मी या ध्वनिमुद्रिकेतील पहिली रचना विद्यार्थ्यांना भ्रमणध्वनीवरून ऐकविली. दीड-दोन मिनिटांनी एका विद्यार्थिनीने अत्यंत अदबीने विचारले, “सर, सुरू झालं का?” त्या चिमुकल्या यंत्रातून खर्जातील स्वर बाहेर पडतच नव्हते आणि रचनेच्या आरंभी तर जवळजवळ खर्जच आहे. दुसऱ्या दिवशी सभागृहातील मोठ्या ध्वनिक्षेपकांवर तीच रचना लावली तेव्हा खिडक्यांची तावदाने थरथरली. साधनाची अर्धी संहिता गहाळ असताना आपण त्यावर भाष्य करीत होतो, हे त्या दिवशी लक्षात आले.

आवाज काढून घेण्याची कला

जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे १९५० च्या दशकापासून ‘साऊंड सिस्टिम’ ही संस्था मूळ धरू लागली. उघड्या मैदानात वा अंगणात प्रचंड ध्वनिक्षेपकांची रास उभी करायची, तबकड्या वाजवायच्या आणि प्रवेशमूल्य व पेयविक्री यांतून उत्पन्न मिळवायचे, असे तिचे स्वरूप होते. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीत ज्याने ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोरून वाट काढली आहे, त्याला खर्जाचा धक्का कानाआधी छातीला बसतो हे वेगळे सांगावयास नको. वाद्यवृंद परवडत नसलेल्या वस्त्यांसाठी ही व्यवस्था होती. या यंत्रणांत परस्परांशी तीव्र स्पर्धा असे आणि दुसऱ्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे असणे हे तिच्यातील मुख्य शस्त्र होते.

१९६७-६८ च्या सुमारास घडलेली एक कथा या संदर्भात नेहमी सांगितली जाते. रडी रेडवूड हे स्पॅनिश टाऊन येथील साऊंड सिस्टिमचे चालक. ड्यूक रीड यांच्या ‘ट्रेझर आइल’ या ध्वनिमुद्रणगृहात त्यांच्यासाठी ‘द पॅरागॉन्स’ या गायकसमूहाच्या ‘ऑन द बीच’ या गीताची तबकडी कापली जात असताना अभियंत्याकडून गायनाचा पट्टा समाविष्ट करावयाचा राहून गेला. रेडवूड यांनी ती चूक तशीच मैदानात वाजविली आणि परिचित गीतातून आवाज नाहीसा झालेला पाहून जमलेल्या लोकांनी ती जागा स्वतः गाऊन भरून काढली. सांगोवांगीच्या कथेत असतो तितका अलंकार या कथेतही असेल. तथापि, गायनाविना वाद्यसंगीत तबकडीच्या मागील बाजूस ‘व्हर्जन’ म्हणून देण्याची प्रथा त्यानंतर रुजली, हे निश्चित. तिच्यामागे आर्थिक तर्कही होता. वादकांना एकदा मोबदला देऊन मुद्रित केलेल्या ठेक्यावर तबकडीची दुसरी बाजू विनाखर्च भरून निघत असे. पुढे त्याच ठेक्यावर दुसरा, तिसरा गायकही गाऊ लागला.

या प्रथेला कलेचे रूप दिले ते ‘किंग टबी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑस्बोर्न रडॉक (१९४१–१९८९) यांनी. ते गायक नव्हते, वादक नव्हते, संगीतकारही नव्हते. विद्युत उपकरणांची दुरुस्ती हा त्यांचा मूळ व्यवसाय होता. ‘होमटाऊन हाय-फाय’ ही त्यांची स्वतःची साऊंड सिस्टिम होती आणि तिचे ध्वनिवर्धक त्यांनी स्वतः बांधले होते. किंग्स्टनच्या वॉटरहाऊस या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, राहत्या घरी, त्यांनी एक छोटे मिश्रणगृह उभारले. संपूर्ण वाद्यवृंद मावेल एवढी जागा तेथे नव्हती. दुसरीकडे मुद्रित झालेली रिळे तेथे येत आणि एका मोठ्या ध्वनिमुद्रणगृहाने काढून टाकलेल्या चार पट्ट्यांच्या मिश्रणयंत्रावर त्यांची पुनर्रचना होत असे. नवे काही वाजविण्याची सोय नसलेल्या माणसाला उरते ती वजाबाकी. टबी आधी गायकाचा आवाज काढून घेत, मग गिटार, मग प्रसंगी ढोलसुद्धा. शिल्लक राही ती बेस गिटारची चाल. गायकाचा एखादाच शब्द मधेच सोडला जाई आणि तो ध्वनिफितीच्या साहाय्याने पुन्हा पुन्हा घुमत विरून जाई. त्यांच्या यंत्रावर खालचे स्वर गाळून टाकणारी एक कळ होती. ती फिरविली की संगीत दुरून, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे पातळ होई आणि कळ सोडली की खर्ज परत कोसळे.

आपल्याकडील संगीतविचारात स्वराची ‘आस’ ही संकल्पना आहे. आघात संपल्यावरही स्वर जो मागे रेंगाळतो, ती आस. डबचे संगीत हे जवळजवळ संपूर्णपणे या आसेचे संगीत आहे. फरक इतकाच की, येथे आस वाद्यातून येत नाही, ती यंत्रातून निर्माण केली जाते. ज्या खोलीत तो आवाज कधी उमटलाच नाही अशा खोलीचा आभास ती निर्माण करते. समीक्षक ज्याला वातावरण म्हणतात ते तांत्रिकदृष्ट्या हेच आहे. नसलेल्या जागेची ध्वनिखूण एका विद्युत कारागिराने दाटीवाटीच्या वस्तीत बसून तयार केली, आणि दाटीवाटीत राहणाऱ्या माणसांनीच तिला प्रथम दाद दिली. याला मी योगायोग मानत नाही.

बंदराचे शहर

ही पद्धत ब्रिस्टलला कशी पोहोचली हे समजण्यासाठी त्या शहराकडे वळावे लागते. आफ्रिकेशी होणाऱ्या व्यापारावरील रॉयल आफ्रिकन कंपनीची मक्तेदारी १६९८ मध्ये सैल झाली आणि ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांना गुलामांच्या व्यापारात उघडपणे उतरता आले. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने हा व्यापार बंद करेपर्यंत ब्रिस्टलमधून दोन हजारांहून अधिक जहाजफेऱ्या झाल्या आणि त्यांतून सुमारे ५ लाख आफ्रिकी माणसे कॅरिबियन व अमेरिकी वसाहतींत नेण्यात आली. शहरात परत येई ती साखर, रम आणि तंबाखू. रॉयल आफ्रिकन कंपनीच्या कारभारात वरिष्ठ पदावर राहिलेले एडवर्ड कोल्स्टन (१६३६–१७२१) यांनी आपल्या जन्मगावाला मोठ्या देणग्या दिल्या. १८६७ मध्ये उभ्या राहिलेल्या संगीतसभागृहाला त्यांचे नाव होते आणि १८९५ मध्ये त्यांचा पुतळाही उभारण्यात आला.

दुसऱ्या महायुद्धानंतर उलट दिशेचा प्रवास सुरू झाला. १९४८ च्या राष्ट्रीयत्व कायद्याने वसाहतींतील प्रजेला ब्रिटनमध्ये वास्तव्याचा हक्क मिळाला आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये ‘एम्पायर विंडरश’ हे जहाज कॅरिबियन प्रवासी घेऊन टिलबरी बंदराला लागले. ब्रिस्टलमध्ये आलेल्या जमैकन व अन्य कॅरिबियन कुटुंबांची वस्ती प्रामुख्याने सेंट पॉल्स या जुन्या, पडझड झालेल्या भागात झाली. शहरातील बस कंपनी कृष्णवर्णीयांना चालक वा वाहक म्हणून घेत नसे. त्याविरुद्ध १९६३ मध्ये एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत बहिष्कार चालला. पॉल स्टीफन्सन हे त्याचे प्रवक्ते होते. कंपनीने माघार घेतल्यानंतर सप्टेंबरमध्ये जे पहिले गौरेतर वाहक नेमले गेले ते कॅरिबियन नव्हते. ते रघबीर सिंग नावाचे शीख गृहस्थ होते. १९६५ चा वंशसंबंध कायदा घडण्यामागे या लढ्याचा वाटा होता, असे मानले जाते.

रोजगारात जे अडथळे होते ते करमणुकीतही होते. शहरातील अनेक क्लबांची दारे कृष्णवर्णीय तरुणांना बंद होती. १९६६ मध्ये सुरू झालेला आणि १९७७ मध्ये आगीत नष्ट झालेला ‘बांबू क्लब’ हा एक अपवाद होता. एरवी पर्याय उरे तो घरगुती मैफलींचा, ज्यांना ‘ब्लूज’ म्हणत. घराच्या तळघरात साऊंड सिस्टिम लावायची, रात्रभर तबकड्या वाजवायच्या आणि दारात नाममात्र शुल्क घ्यायचे, अशी ही पद्धत होती. येथे ध्वनिशास्त्रातील एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कमी कंपनसंख्येच्या ध्वनिलहरी भिंतीतून तुलनेने सहज पार होतात, उच्च कंपनसंख्येच्या मात्र अडतात. म्हणजे अशा घराबाहेरून जाणाऱ्याला, शेजारी झोपलेल्याला, वरच्या मजल्यावरील मुलाला शब्द ऐकू येत नसत, गिटार ऐकू येत नसे. ऐकू येई तो केवळ खर्ज, आणि क्वचित कोणी दार उघडल्यावर बाहेर निसटलेला गायनाचा तुकडा. दार लागले की तोही तुटे. किंग टबी मिश्रणयंत्रावर जे करीत होते, ते सेंट पॉल्समधील भिंती स्वाभाविकपणेच करीत होत्या.

२ एप्रिल १९८० रोजी सेंट पॉल्समधील ‘ब्लॅक अँड व्हाइट कॅफे’वर पोलिसांनी धाड घातली आणि त्यातून दंगल उसळली. पोलिसांना काही तासांसाठी त्या भागातून माघार घ्यावी लागली. पुढील वर्षी लंडनमधील ब्रिक्स्टन व लिव्हरपूलमधील टॉक्सटेथ येथे जे घडले त्याची ही नांदी होती. याच दशकात शहरात ‘द वाइल्ड बंच’ नावाची साऊंड सिस्टिम सुरू झाली. तिच्यात बार्बाडोसहून आलेल्या कुटुंबातील ग्रँट मार्शल होते, वडिलांकडून इटालियन वंशाचे, भिंतींवर रंगफवाऱ्याने चित्रे काढणारे रॉबर्ट डेल नाजा होते आणि वयाने लहान असलेले अँड्र्यू व्हाउल्स होते. ‘डग आउट’ हा त्यांचा क्लब सेंट पॉल्स आणि सधन क्लिफ्टन यांच्या दरम्यान होता आणि तेथे दोन्हीकडील तरुण येत. रेगे, डब, पंक आणि अमेरिकेतून नव्याने आलेले हिप-हॉप एकाच रात्री एकाच यंत्रणेवर वाजे. १९८८ मध्ये यातून ‘मॅसिव्ह अटॅक’ आकाराला आला. ‘ब्लू लाइन्स’ (१९९१) ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका आखाती युद्धाच्या छायेत आली आणि नावातील ‘अटॅक’ हा शब्द त्या काळापुरता गाळावा लागला. दुसरी ‘प्रोटेक्शन’ (१९९४) ही ध्वनिमुद्रिका त्यांनी गयानात जन्मलेले व दक्षिण लंडनमध्ये स्थायिक झालेले डब अभियंता ‘मॅड प्रोफेसर’ (नील फ्रेझर) यांच्या हवाली केली. त्यांनी तिचे केलेले डब रूप १९९५ मध्ये ‘नो प्रोटेक्शन’ या नावाने प्रसिद्ध झाले. माझ्या मते मूळ कृतीपेक्षा ते अधिक टिकाऊ ठरले आहे.

पोटमाळ्यावरचे संगीत

‘मेझनीन’ या शब्दाचा अर्थ दोन मजल्यांमधील अर्धा मजला. मराठीत आपण त्याला पोटमाळा म्हणतो आणि चाळीत वाढलेल्या माणसाला पोटमाळ्यावर झोपून खालचे बोलणे अर्धवट ऐकणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. शीर्षक निवडणाऱ्यांच्या मनात हे होते असे मुळीच म्हणावयाचे नाही. पण शब्द इतका चपखल बसतो की त्याचा मोह आवरत नाही.

ध्वनिमुद्रिकेत ११ रचना असून तिचा कालावधी सुमारे ६३ मिनिटांचा आहे. निर्मितीत नील डेव्हिज यांचा सहभाग होता, मुद्रण ब्रिस्टलमध्ये झाले. निर्मितीच्या काळात तिघा सदस्यांत तीव्र मतभेद होते. डेल नाजा यांना पंकोत्तर काळातील कर्कश गिटारकडे जावयाचे होते, व्हाउल्स यांचा ओढा हिप-हॉप आणि सोलकडे होता. अनेकदा ते स्वतंत्रपणे, वेगवेगळ्या वेळी काम करीत. व्हाउल्स १९९९ मध्ये समूहातून बाहेर पडले. एकाने रचलेले दुसऱ्याने उतरवायचे, अशा रीतीने ही कृती घडली, आणि वजाबाकी हे डबचे तत्त्व येथे काही अंशी भांडणातूनही साधले गेले.

‘एंजल’ या पहिल्या रचनेत आरंभी खर्जातील एक चाल येते, जणू खालच्या मजल्यावर कोणी अवजड वस्तू लयीत सरकवीत आहे. तिच्यावर ढोलाचे थोडे ठोके पडतात. बऱ्याच वेळाने होरेस अँडी यांचा उंच, कापरा स्वर येतो. किंग्स्टनमध्ये १९५१ साली जन्मलेल्या या गायकाने १९७० च्या दशकारंभी ‘स्टुडिओ वन’मध्ये कीर्ती मिळविली होती आणि ‘एंजल’ची बीजे त्यांच्याच एका जुन्या प्रेमगीतात आहेत. मूळ गीत उबदार आहे. येथे त्यातील शब्द इतके विरळ केले आहेत की आराधना आणि धमकी यांतील सीमारेषा पुसली जाते. मग अँजेलो ब्रुस्कीनी यांच्या गिटारचा लोंढा येतो आणि ओसरतो, उरतो तो पुन्हा खर्ज. दार उघडले, आतला कल्लोळ क्षणभर अंगावर आला, दार मिटले.

‘टिअरड्रॉप’ ही रचना सर्वाधिक लोकप्रिय आहे. एलिझाबेथ फ्रेझर यांचे गायन, हृदयाच्या ठोक्यासारखा ताल आणि जुन्या तबकडीची खरखर ही तिची ओळख. ही खरखर लक्षात घेण्यासारखी आहे. निर्दोष मुद्रण सहज शक्य असलेल्या काळात ती मुद्दाम ठेवलेली आहे. झिजलेल्या वस्तूची ती खूण आहे. ‘इनर्शिया क्रीप्स’मधील इस्तंबूलहून आलेल्या तालांविषयी अधिक लिहिता येईल, पण तो या लेखाचा विषय नव्हे.

प्रस्तुत प्रतिपादनाच्या दृष्टीने कळीची रचना सातवी, ‘मॅन नेक्स्ट डोअर’. तिचे रचनाकार जॉन होल्ट, आणि ते ‘द पॅरागॉन्स’चे प्रमुख गायक होते. रडी रेडवूड यांच्या त्या चुकीच्या तबकडीवरून ज्यांचा आवाज गळून पडला तोच हा समूह. गीताचा विषय अगदी घरगुती आहे. शेजारी राहणारा माणूस रात्री उशिरा घरी येतो, भांडण-आरडाओरडा सुरू होतो, भिंतीअलीकडील माणसाला झोप लागत नाही आणि येथून निघून जावे असे त्याला वाटत राहते. किंग्स्टनच्या सामाईक अंगणांच्या वस्तीत हा रोजचा अनुभव होता. हे गीत जमैकात अनेकांनी गायले, १९८० मध्ये ब्रिटनमधील ‘द स्लिट्स’ या स्त्रियांच्या पंक समूहानेही ते गायले. ‘मेझनीन’मध्ये ते पुन्हा होरेस अँडी गातात. त्याखाली ‘लेड झेपेलिन’च्या एका रचनेतील ढोल आणि ‘द क्युअर’च्या गीतातील गिटारचा तुकडा आहे. हे दोन्ही गोऱ्या रॉक संगीतातील प्रसिद्ध आवाज येथे शेजारच्या खोलीत ढकलले आहेत आणि जमैकन गायक अलीकडच्या खोलीत, आपल्यासोबत, जागा आहे.

‘मेझनीन’चे आकर्षण माझ्या मते या ठिकाणी उलगडते. ती ऐकताना आपण मैफलीत नसतो, आपण भिंतीला कान लावून असतो. पलीकडे काहीतरी घडते आहे, त्याचा खर्ज येतो, शब्द येत नाहीत. उत्सुकता आणि भय यांचे जे मिश्रण समीक्षकांना ‘काळोखी’ वाटते ते या अवस्थेचे आहे. ज्यांनी ही पद्धत घडविली त्यांना ही अवस्था निवासाची दाटी आणि बंद दारे यांतून मिळाली होती. ज्यांनी पुढे ती लाखो घरांत पोहोचविली त्यांनी ती वारशाने घेतली.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अलीकडील सांस्कृतिक लेखनात डबमधील प्रतिध्वनीला थेट गुलामगिरीचा प्रतिध्वनी म्हणण्याची प्रवृत्ती आढळते. वाक्य म्हणून ते देखणे आहे, पुरावा म्हणून मात्र दुबळे. १८०७ पूर्वीचे एखादे जहाज आणि १९९८ मधील एखादी बेसची चाल यांच्यामध्ये दीड-दोनशे वर्षांची वस्ती, मजुरी, कायदे, घरभाडे आणि विद्युत उपकरणे आहेत. त्यांना ओलांडून केलेली झेप म्हणजे ‘वातावरण’ या शब्दाचीच दुसरी आवृत्ती होय. भिंतीचे प्रतिपादन हेही एक वाचनच आहे, हे मला मान्य आहे. परंतु त्यातील प्रत्येक दुव्याला, म्हणजे अंगणाला, तळघराला, मिश्रणयंत्राला आणि गीताच्या विषयाला, स्वतंत्र पुरावा आहे.

श्रेयाचा आणि जतनाचा प्रश्न

या इतिहासात एक अप्रिय बाजू आहे. जमैकात आधुनिक स्वामित्वहक्क कायदा १९९३ मध्ये अस्तित्वात आला. तोपर्यंत १९११ चा ब्रिटिश साम्राज्यकालीन कायदा नावापुरता होता. ज्या ठेक्यांवर एक संपूर्ण संगीतपरंपरा उभी राहिली, ते वाजविणाऱ्यांना बहुधा एकरकमी मोबदल्यावर समाधान मानावे लागले आणि अभियंत्याच्या हाताला तर कायद्याने रचनाकार मानलेच नव्हते. किंग टबी यांची ६ फेब्रुवारी १९८९ रोजी त्यांच्या घराबाहेर गोळ्या घालून हत्या झाली. ‘मेझनीन’च्या बाबतीत होल्ट यांचे श्रेय नोंदलेले आहे, ‘एंजल’च्या श्रेयात अँडी यांचे नाव आहे आणि १९९१ ते २०१० या काळातील समूहाच्या पाचही ध्वनिमुद्रिकांत अँडी गायले आहेत. ही गोष्ट सर्वत्र घडली नाही, म्हणून ती नमूद केली पाहिजे. तरीही नसलेल्या खोलीचा आभास निर्माण करण्याची जी युक्ती या कृतीचा प्राण आहे, तिच्या श्रेयासाठी ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर रकानाच नसतो.

शहराने आपल्या नावांचा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडविला. कोल्स्टन यांचे नाव असलेल्या सभागृहात कार्यक्रम करण्यास ‘मॅसिव्ह अटॅक’ने वर्षानुवर्षे नकार दिला होता. स्वतःच्याच शहरातील प्रमुख सभागृहात त्यांचे मौन हीदेखील एक वजाबाकी होती. ७ जून २०२० रोजी निदर्शकांनी कोल्स्टन यांचा पुतळा पाडून बंदराच्या पाण्यात ढकलला आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये सभागृहाचे नाव ‘ब्रिस्टल बीकन’ असे झाले. राममोहन रॉय यांचा पुतळा तेथून फार दूर नाही.

जतनाविषयी शेवटची नोंद. किंग्स्टनमध्ये साऊंड सिस्टिमसाठी जी ‘डबप्लेट’ कापली जाई, ती मऊ लेपाची असे. काही डझन वेळा वाजविल्यावर तिचे खाचे झिजत आणि ती निरुपयोगी होई. एका रात्रीच्या स्पर्धेसाठी केलेली ती वस्तू होती. त्यामुळे डबच्या आद्यकालातील किती मिश्रणे नाहीशी झाली याची मोजदाद होणे नाही. मॅड प्रोफेसर यांनी १९९८ मध्ये ‘मेझनीन’चेही डब रूप केले होते. ते रीळ तसेच पडून राहिले आणि २०१९ मध्ये, विसाव्या वर्षानिमित्तच्या आवृत्तीसोबत, प्रसिद्ध झाले. त्याच निमित्ताने झुरिच येथील तंत्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी ‘मेझनीन’ संक्षेपित स्वरूपात डीएनएमध्ये नोंदविण्याचे काम हाती घेतले. सुमारे ९ लाख २० हजार लहान डीएनए-तंतूंत विभागलेली ही ध्वनिमुद्रिका डोळ्यांना न दिसणाऱ्या सुमारे ५ हजार काचेच्या गोलकांत बंद करण्याची ही योजना २०१८ मध्ये जाहीर झाली. तीत ती शेकडो वर्षे सुरक्षित राहावी अशी अपेक्षा आहे. ‘टिअरड्रॉप’मध्ये ऐकू येणारी झिजलेल्या तबकडीची ती खरखरही त्या काचेत गेली आहे.